वरच्या फळीवरची बाटली

मुलगी झाली त्या दिवशी बारमालकाने पिणं सोडलं आणि न उघडलेली शेवटची बाटली गल्ल्यामागच्या वरच्या फळीवर ठेवली. लोकांचे ग्लास भरताना मन चळलं, की तिच्या सीलकडे बघायचा. आज अबकारीची धाड पडली. माल यादीशी ताडून झाल्यावर साहेबांचं बोट वर गेलं. “या ब्रँडची नोंदणी नाही. सील तोडा, बेसिनमध्ये ओता.” “विकायची नाही हो, साहेब. माझी शपथ आहे ती.” “मग शपथेचीही नोंदणी करायची होती!” सील तुटलं. वास नाकात शिरला, तोंडाला पाणी सुटलं, हात बेसिनवरच थबकला. आता मोठी होऊन गल्ल्यावर बसणारी तीच लेक उठली, त्याच्या हातावर हात ठेवून तिने बाटली उपडी केली. त्याने ती विसळली, नळाखाली भरली, बूच लावून पुन्हा फळीवर ठेवली. “आता हे काय?” “पाणी, साहेब. शपथ जुनीच आहे. नोंदवून घ्या.”