गोदाबाईंची बैठक

राकेश मिस्त्रीने कपडे धुवायची मशीन आडवी पाडली, तशा गोदाबाई खाटेवरून ओरडल्या, “अरे हळू! बावीस वर्सं झाली तिले. कुठी लागलं-गिगलं तर?”

“लोखंड है, आजी,” राकेश म्हणाला. “इसको क्या लगेगा!”

मशीन धुवायची चांगली, पण पिळायला लागली की तिच्या अंगात यायचं. नाचत नाचत ती अंगणभर चालायची. म्हणून पिळताना तिच्यावर पाट टाकून कुणातरी वजनदार माणसाला बसावं लागे. घरात त्या लायकीच्या एकट्या गोदाबाई. सून श्रुतिका बसली, तर मशीन तिलाही घेऊन निघायची.

आता बसायचंच, तर गोदाबाई तोंड शिवून थोड्याच बसणार! पाटावर बसलं की त्यांचं डोकं बरोबर अंगणाच्या भिंतीच्या वर येई. पलीकडे शेजारच्या तुळसाबाई आपल्या जिन्याच्या पायरीवर येऊन उभ्या राहत. दोघींचे गुडघे गेलेले, दोघींची फाटकं दोन वेगळ्या गल्ल्यांत. भेट व्हायची ती इथेच. कुणाच्या पोरीला पाहायला कोण आलं, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, सगळं इथे निकालात निघे. विषय मोठा असला की गोदाबाई तीच चादर पुन्हा पिळायला लावत.

याला गप्पा म्हणायची मात्र कुणाची टाप नव्हती. रिकाम्या गोठी करत बसणाऱ्या बायांना गोदाबाईंनी जन्मभर नावं ठेवली होती. त्या स्वतः काम करत होत्या.

“काहून दुरुस्त करून राह्यले वो?” त्यांनी सुनेला पुन्हा विचारून पाहिलं. “चालू तर हाय.”

“आई, तुमचीच कंबर धरते ना बसून बसून,” श्रुतिका म्हणाली. “इसलिए तो बुलाया.”

सुनेने मायेपोटी बोलावलेलं. तिच्यावर चिडायचीही सोय नव्हती.

राकेशने खालच्या झिजलेल्या स्प्रिंगा काढून दुसऱ्या बसवल्या, पायांना नवीन रबर लावलं. मशीन उभी करून ओली चादर टाकली आणि बटण फिरवलं. मशीन जागच्या जागी गुणगुणत राहिली. त्याने वर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला. एक थेंब सांडला नाही.

“देखा, आजी? अब बैठने की जरूरतच नहीं.”

“हौ,” गोदाबाई म्हणाल्या. त्यांना रडू येत होतं. पण मशीन बरी झाली म्हणून कुणी रडतं का?

दुसऱ्या दिवशी श्रुतिकाने कपडे लावले. गोदाबाई खाटेवर बसून मेथी निवडत होत्या. निवडून झाली, तर निवडलेलीच पुन्हा निवडू लागल्या. भिंतीपलीकडून हाक आली, “गोदाबाई! वो गोदाबाई! बऱ्या आहा ना?”

गोदाबाईंनी मान वर केली नाही. बिनकामाचं त्या मशीनवर कोणत्या तोंडानं चढणार?

श्रुतिकाने सासूकडे पाहिलं, मग भिंतीकडे. आपण काय करून बसलो ते तिला कळलं.

“आई, आओ ना जल्दी!” ती एकदम ओरडली. “हलून राह्यली मशीन!”

गोदाबाईंनी पाहिलं. मशीन ढिम्म उभी होती. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून पाट पुसत होती.

क्षणात मेथी बाजूला सारून त्या उठल्या, सुनेच्या खांद्याचा आधार घेत वर चढल्या आणि भिंतीवरून डोकं काढलं.

“कुठी होत्या वो?” तुळसाबाई म्हणाल्या. “अन् काल मिस्त्री आलता ना? दुरुस्त नाही झाली काय?”

“कायची दुरुस्त, माय! अजून बिघडवून गेला,” गोदाबाई म्हणाल्या, आणि शांत गुणगुणणाऱ्या मशीनवर बसल्या बसल्या त्या आपणच गदागदा हलू लागल्या.