टाळ्यांचं वाक्य

सीमेपलीकडचा पोलीस अधिकारी रोज सकाळी आमच्या ठाण्यातल्या साहेबांना फोन करायचा, "दादा, चहा झाला का?" विचारायचा आणि मग अतिरेक्यांची खबर द्यायचा. जिभेला हाड नसलेल्या आमच्या नेत्याने भरसभेत त्याच्या अख्ख्या देशाला भेकड म्हटलं, शिट्ट्यांनी मैदान दणाणलं, आणि तो फोन बंद पडला.

आमच्या बाजारात स्फोट झाल्यावर तो एकदाच वाजला. "दादा, त्या माणसाचा फोटो होता आमच्याकडे. पण तुमच्याशी बोलायचं नाही, असा वरून हुकूम होता."

जखमींना भेटून निघालेल्या नेत्याला साहेबांनी इस्पितळाच्या जिन्यातच गाठलं. "तेवढा एक शब्द मागे घ्या हो."



हातांना सॅनिटायझर चोळत नेता सेक्रेटरीला म्हणाला, "बाहेर गर्दी जमलीय ना? मग ते भेकडवालं वाक्य पुन्हा घेऊ. मागच्या वेळी काय टाळ्या पडल्या होत्या!"