पुलावरची खूण

"पुलावरच्या खुणेपासून सुरुवात," मोठे साहेब म्हणाले आणि विषय संपल्यासारखा त्यांनी चहाचा कप उचलला.

टेबलावर नव्या रेल्वेमार्गाचा नकाशा पसरला होता. तो गुंडाळला जाऊ नये म्हणून कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलेलं: स्टेपलर, पाण्याची बाटली, कुणाच्या तरी चष्म्याची डबी. उद्या सकाळी मोजणीच्या तुकड्या निघायच्या होत्या. कुठली तुकडी कुठे जाणार, ड्रोन कधी उडणार, कुणाच्या जमिनीत पाय ठेवण्याआधी कुणाला विचारायचं, सगळं ठरलं होतं. उंची मोजायला सुरुवात कुठून करायची, एवढंच राहिलं होतं.

मोजणीची प्रमुख नकाशावर वाकली होती. प्रमुख म्हणून तिची ही पहिलीच मोजणी. मोठे साहेब तिचे वडील. निवृत्त झाले तरी ऑफिसात त्यांचा शब्द खाली पडत नसे, आणि आज तर त्यांना सल्ल्यासाठी रीतसर बोलावलं होतं. पुलाच्या दगडी खांबावरची ती उंचीची खूण त्यांनीच कोरून घेतलेली. तेव्हापासून या भागातला प्रत्येक रस्ता, प्रत्येक कालवा आपली उंची विचारायला तिच्याकडेच गेला होता.

"दोन खुणांपासून," ती म्हणाली. "एक तुमची, एक नदीपलीकडे टेकडीच्या पायथ्याची. आधी या दोघींचं आपसात जमतंय का ते बघू. मग पुढे."

मोठ्या साहेबांनी कप खाली ठेवला.

"म्हणजे माझी खूण तपासणार?"

"हो, बाबा."

ऑफिसातही ती त्यांना बाबाच म्हणे. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण आताचं ते 'बाबा' सगळ्या खोलीत ऐकू गेलं. तिचा सहायक, ज्याला सगळे घाईगडबड म्हणत, वहीत डोकं घालून बसला. ड्रोनवाली आपल्या यंत्राचं पातं पुसू लागली. ते आधीच स्वच्छ होतं.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" साहेब म्हणाले. "इतकी वर्षं सगळे तिच्यावरून मोजतायत. एकाने तरी तक्रार केली का?"

"कशी करतील? सगळेच तिच्यावरून मोजतायत."

घाईगडबडला हसू आलं. ते त्याने खोकल्यात घालवलं.

"मॅडम, पण यात उद्याचा अख्खा दिवस जाईल," तो म्हणाला.

"जाऊ दे. पुलावरून दिवसरात्र ट्रक जातात. खांब बोटभर जरी खाली बसला असेल, तरी आपली पहिलीच उंची चुकली. मग पुढची प्रत्येक उंची तेवढीच चुकणार. आणि शेवटी नवा रूळ जुन्या स्टेशनाला भिडेल तेव्हा मधे पायरी निघेल. गाडीला पायऱ्या चढता येत नाहीत."

"बरं, घरी बोलू," साहेब म्हणाले. त्यांच्या घरात याचा अर्थ एकच होता: आता बोलणं बंद.

"घरी मी तुमची मुलगी आहे. घरी मी हरते. इथेच बोलू."

तिचा आवाज चढला नव्हता. खोटं कशाला सांगा, या माणसाला दुखवणं तिच्या जिवावर आलं होतं. पण ही एक खूण नात्यापायी तशीच सोडली, तर उद्यापासून या खोलीत कुणी कुणाचा आकडा तपासायला धजणार नाही. सगळे एकमेकांचा मान राखत बसतील आणि मार्ग चुकेल.

"दुसऱ्या कुणाची खूण असती," तिने विचारलं, "तर तुम्ही काय केलं असतं?"

"दुसऱ्याची गोष्ट वेगळी," साहेब म्हणाले. आपण काय बोलून गेलो ते त्यांच्याही कानांनी ऐकलं असावं. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्याच खुणा तपासल्या होत्या, आणि कुणाची भीडभाड ठेवली नव्हती.

ते उठले. आता निघून जाणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ते कोपऱ्यात गेले. तिथे उद्यासाठी नारिंगी जाकिटांचा ढीग काढून ठेवला होता. त्यातलं एक त्यांनी उचललं.

"पुलावर पट्टी मी धरतो."

पट्टी म्हणजे खुणेवर उभी धरायची उंच मोजपट्टी. लांबून दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचतात. ती धरणं हे नव्या भरतीचं काम. साहेबांनी ते केलं त्याला जमाना झाला होता.

"नाही," ती म्हणाली. "खूणही तुमची आणि पट्टीही तुमच्याच हातात, हे चालणार नाही. धरायचीच असेल तर पलीकडची धरा, टेकडीपाशी."

घाईगडबडने डोळेच मिटून घेतले.

साहेबांनी जाकीट अंगात घातलं. पोटावर ते जुळेना. श्वास आत ओढून त्यांनी चेन वर ओढली. मग तिच्या खुर्चीजवळ येऊन, आपल्या मते अगदी हळू, विचारलं, "चूक निघाली, तर मला आधी सांगशील?"

तिला वाटलं, हो म्हणावं. एवढंसं तर मागणं.

"नाही, बाबा. सगळ्यांना एकदम सांगेन."

साहेब ताठ उभे राहिले.

"छान," ते म्हणाले, आणि आता चांगलं मोठ्याने. "म्हणजे बरोबर निघाली, तर तेही सगळ्यांना एकदमच कळेल."