क्लच

पेडल अर्ध्यावर गेलं आणि अडकलं. हाशिमनं पुन्हा दाबलं, मग दोन्ही पायांनी जोर लावला. गिअरनं करकरून दात खाल्ले, पण गाडी जागची हलली नाही.

"परवा तर लोण्यासारखं जात होतं," गाडीच्या टपावरचं झाकण उचलून डोकं बाहेर काढत तो म्हणाला.

शेडच्या दारात उभ्या असलेल्या नुजहतच्या अंगाचा तिळपापड झाला. मार्गासनीच्या रस्त्याकडेच्या या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या नवऱ्यानं दोन महिने त्या जुन्या चिलखती गाडीखाली पाठ घासली होती. लष्करानं कधीच मोडीत काढलेली गाडी. क्लच प्लेट बाजारात मिळेना, तर जुन्या प्लेटला त्यानं स्वतःच्या हातानं नवं अस्तर चढवलं. उद्या रविवारी भोरमध्ये माजी सैनिकांची मिरवणूक होती आणि गाडी सगळ्यांत पुढं चालायची होती. मालक, पानशेतचे कर्नलसाहेब, पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "इथल्या मेकॅनिकला झेपेल ना?" आता तेच म्हणतील, बघा, नाही झेपलं.

तिनं सुटलेले केस रागानं वर गुंडाळले आणि त्यात पेन्सिल खोचली.

"हे काय?" हाशिम हसला. "तुझाही केसांचा क्लच गेला, गाडीचाही गेला?"

"माझा न्हाणीत कुठंतरी पडला असेल. मिळेल. पण हा आपोआप नाही बिघडलेला. कुणीतरी हात लावलाय."

"कोण लावणार?"

नुजहतनं नुसतं बाकाकडे पाहिलं.

बाकावर रखमाजीबाबा आपलं पदक चिंचेनं घासत बसले होते. आंबवड्याचे, पंचाहत्तरीचे. पलटणीत असताना त्यांनी असलीच गाडी चालवली होती आणि उद्या मिरवणुकीत हीच गाडी त्यांनी चालवायची, असा शब्द कर्नलसाहेबांनी दिला होता. तेव्हापासून रोज एसटीनं यायचे, गाडी पुसायचे, जायचे. आज मात्र त्यांच्या उजव्या हाताच्या तीन बोटांना धोतराची चिंधी गुंडाळलेली होती.

"बाबा, बोटांना काय झालं?"

"काय न्हाई. झाकण लागलं."

"गाडीचं?"

"व्हय. लई जड हाय ते."

"म्हणजे तुम्ही वर चढला होता. कधी?"

बाबांनी दाराकडे नजर टाकली. नुजहतची चार वर्षांची लेक आरजू उंबऱ्याबाहेर उभी होती. शेडचा उंबरा ओलांडायचा नाही, ही नुजहतची सक्त ताकीद. मागच्या महिन्यात पोरीनं तो ओलांडला तेव्हा नुजहतनं अशी चपराक दिली होती, की बाबांनाच मध्ये पडावं लागलं होतं.

"काल," बाबा म्हणाले. "हाशिम नमाजला गेल्ता तवा."

"मी मागं कपडे वाळत घालत होते. आरजू झोपली होती. शेडमध्ये तुमच्याशिवाय कुणी नव्हतं."

"मग मीच आसंन."

"पण कशाला? उद्या चालवायला मिळणारच होती ना? एक दिवस दम निघाला नाही?"

"चडलो, येवढंच समज, सूनबाई." त्यांनी हळूच विचारलं, "पोरगी काल नीट जेवली का?"

"विषय बदलू नका!" नुजहतचा आवाज चढला. "पोरीचं मी बघते. तिच्यावर डोळा ठेवूनच असते मी. तुमच्यावरही ठेवायला हवा होता."

"अगं, मोठे आहेत ते," हाशिम पुटपुटला.

"मोठे आहेत म्हणून तुमच्या कामावर कुणी बोट ठेवलेलं चालेल?"

तिनं तिथंच कर्नलसाहेबांना फोन लावला. बी.कॉम. झालेली ती, अडखळली नाही. कधी, कसं, कोण, सगळं सांगितलं.

"मग उद्या सोमनाथ चालवेल," कर्नलसाहेब म्हणाले. सोमनाथ त्यांचा ड्रायव्हर. "रखमाजींना सांगा, येऊ नका."

तिनं सांगितलं, शब्द न गाळता.

बाबांनी पदक रुमालात ठेवलं आणि डाव्या हातानं, दातांत टोक धरून, गाठ मारली. "हाशिमच्या कामात खोट न्हाई," ते म्हणाले. "सायबाला येवढं परत सांग." जाता जाता चिंधीचा हात त्यांनी आरजूच्या डोक्यावर ठेवला. एसटी आली, त्यांना घेऊन गेली. आरजू धूळ बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली.

दुपारी हाशिम पुन्हा गाडीखाली शिरला. पोटाखालचा जाड पत्रा काढायचा तर बावीस बोल्ट. पाने नुजहत स्वतः देत होती आणि प्रत्येक बोल्टामागं पुटपुटत होती, "चार-दोन वर्षांचं पोर असतं तर समजलं असतं. एवढं वय झालं माणसाचं."

शेवटचा बोल्ट सुटला, पत्रा कलला आणि काहीतरी टणकन फरशीवर पडलं.

हाशिमनं आत हात घालून पेडलचा दांडा ओढला. सरळ, लोण्यासारखा गेला.

"प्लेट ठीक आहे!" तो खालून ओरडला. "हे अडकलं होतं. पेडलच्या फटीतून खाली पडलं असणार. बघ काय आहे."

नुजहत खाली वाकली. तिचा हात आपसूक केसांतल्या पेन्सिलीकडे गेला. फरशीवर तिचा स्टीलचा क्लच पडला होता, दोन दात वाकलेले.

उंबऱ्याबाहेर आरजू डोक्यावर दोन्ही हात धरून उभी होती.

"अम्मी, मारू नको. झाकण मला नाही लागलं. आजोबांनी मध्ये हात घातला."