पलीकडचा नळ

संशोधक बाईंनी भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि कान लावला.

“पोकळ आहे,” त्या खूश होऊन म्हणाल्या. “नकाशात दाखवलंय तसंच. दोन भिंती, मध्ये वीतभर जागा. पाण्याची नळी एकच, ती या पोकळीतून वर येते आणि मग तिला दोन्ही स्वयंपाकघरांकडे फाटे फुटतात. त्या काळी असा विचार कोण करत होतं?”

“वडिलांना विचार फार,” उजवी म्हणाली. “चहा घ्या, निवतोय.”

जुनी घरं आणि बागा यांचा अभ्यास हा संशोधक बाईंचा पेशा. हे जोडघर जपण्याजोगं ठरावं म्हणून त्यांची खटपट चालली होती. घर म्हणजे आरशात पाहावं तसं. एका अर्ध्यात जे उजवीकडे, ते दुसऱ्यात डावीकडे. दोन्ही जिने मधल्या भिंतीला पाठ लावून चढलेले. दारं मात्र दोन वेगळ्या रस्त्यांवर. मागे बाग आणि तिच्या मधोमध पुरुषभर उंचीचं झुडपांचं कुंपण. वडिलांनी हे दोन मुलींसाठी बांधलं आणि मुलींनाही त्याच नावांनी हाका मारायला लागले, उजवी आणि डावी. मधल्या भिंतीत त्यांनी एक दार ठेवलं होतं.

वडील गेले आणि त्यांच्या नकाशाच्या टेबलावरून दोघींचं बिनसलं. टेबल उजवीकडे राहिलं. डावीने रागारागाने आपल्या बाजूने दाराला कपाट लावलं. मग उजवीही हट्टाला पेटली. तिने दार काढून विटाच रचल्या, वरून गिलावा केला.

त्यानंतर या घरात डावीचं नाव काढायची सोय उरली नाही. नातेवाईक आधी जपून बोलायला लागले, मग येईनासेच झाले. माळी दोन्हीकडची झुडपं कापायचा. एकदा तो कात्री हातात घेऊन दारात उभा राहिला. “पलीकडच्या बाई...” त्याने सुरुवात केली.

“तिकडचं तिकडे,” उजवी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

आता संशोधक बाईंनी कागद पुढे केला. “ते दार उघडलं की घर मूळचं होईल. तुमची सही तेवढी राहिलीय. पलीकडची हरकत नाही. कधीही काम करा, असा निरोप आलाय.”

उजवीने कप बशीत ठेवला.

“हरकत नाही म्हणे? आढेवेढे न घेता?”

“उलट टपाली.”

“मग माझी काय असणार?” असं म्हणत तिने सही केली.

डावी कशी आहे, हे तिला कुणाला विचारावं लागत नव्हतं. पहाटे ही नळ सोडायची, की क्षणभराने पलीकडचा नळ घुरघुरायचा. ही जिना चढली की तिकडेही पायऱ्या वाजायच्या. “नक्कलखोर,” ही भिंतीकडे बघून म्हणायची. लहानपणीही हेच. हिने दोन वेण्या घातल्या की तिलाही दोनच हव्यात. पण पलीकडचा नळ वाजल्याशिवाय चहा तोंडाला लावायचा नाही, हा उजवीचा नेम होता. तो एकदाही मोडला नव्हता.

कामाच्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे घातले. दोन कप विसळून ठेवले. माळ्याला हाताशी घेऊन वडिलांचं टेबल ओढत भिंतीपर्यंत आणलं आणि पुसून लख्ख केलं.

“आजी, हे वाटेत येतंय,” गवंडी म्हणाला.

“येऊ दे. त्याला पलीकडे जायचंय.” मग तिने माळ्याला बजावलं, “एक पाय डुगडुगतो त्याचा. खाली कागदाची घडी घालावी लागते. तिला सांगायला हवं.”

माळी टेबलाकडे बघत राहिला. “बाई, मी मागेच म्हणत होतो...”

“आधी विटा उचल. मग बोल काय बोलायचं ते.”

विटा निघायला लागल्या. संशोधक बाई फोटो काढत होत्या. उजवी टेबलाला धरून उभी होती. पहिलं काय बोलायचं, ते तिने रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

“आता बेताने हं,” ती गवंड्याला म्हणाली. “कपाटाची पाठ लागेल. आत तिची काचेची भांडी असणार.”

पहार सरळ आरपार गेली. भोकातून बंद घराचा वास आला. गवंड्याने आणखी चार विटा काढल्या, तशी उजवी पुढे होऊन वाकली.

“काय गं नक्कलखोर,” ती म्हणाली.

खोलीत कुणी नव्हतं. जमिनीवर धुळीचा जाड थर होता. कपाट केव्हाच दूर, खिडकीपाशी सरकवलेलं. त्याच्या जागी एक खुर्ची होती, भिंतीला अगदी चिकटवून, कान टेकता येईल अशी. तिच्यावरही धूळ.

“बाहेर गेली असेल,” उजवी म्हणाली. “पहाटे तर नळ सोडला होता तिने.”

संशोधक बाईंनी कॅमेरा खाली घेतला. “निरोप त्यांच्या मुलाचा होता,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

माळ्याने विटांची पाटी खाली ठेवली. “त्या वारल्या, बाई. झाली की बरीच वर्षं. दुखण्यात लेकाने नेलं होतं, ते तिकडेच. मी तेव्हाच सांगायला आलो होतो.”

उजवीने टेबलावरून हात फिरवला. तिथे पुसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

गवंडी खाली मान घालून हात धुवायला स्वयंपाकघरात गेला. त्याने नळ सोडला.

आणि क्षणभराने, पलीकडच्या रिकाम्या घरात, डावीने नळ सोडला.