सोळा आकडे

सुमेधने भिंग डोळ्याला लावलं आणि एकेक आकडा तपासायला घेतला. धातूच्या सोळा आकड्यांनी वाद्याचं गोल कातडं ताणून धरलं होतं. भुईगावच्या आपल्या घराच्या ओट्यावर समोर बसलेला प्लासिड श्वास रोखून बघत होता.

वाद्य जेमतेम हातभर. चार तारा आणि मान युकुलेलीची, पोट बँजोचं. विलायतेत बनून शंभर वर्षं झालेली. ओलसर हवेत कातडं सैल पडायचं, म्हणून वरातीत वाजवायला निघण्याआधी प्लासिडला ते उन्हात तापवावं लागे. आता प्लासिडची बोटं नीट वळत नव्हती, म्हणून वाद्य विकायचं ठरलं होतं, आणि सुमेधच्या विरारच्या फ्लॅटमध्ये जुन्या वाद्यांचं काचेचं कपाट होतं.

“अंकल, सोळाच्या सोळा ओरिजिनल! एवढं वाजलेलं वाद्य, पण एकही आकडा बदललेला नाही. बदललेला असता तर मी घेतलंच नसतं. कंपनीचं काम ते कंपनीचं!”

“घेऊन जा बाबा,” दारातून प्लासिडची बायको क्लेमेंटीन म्हणाली. “कपाटावर जागा होईल माझ्या लोणच्याच्या बरण्यांना.”

प्लासिड खाकरला. “मानेच्या डावीकडून सातवा बघा. तो माझा.”

“अवो, गप बसा ना जरा!”

“का गप बसू? सहा दिवस घासलाय मी तो.” प्लासिड सुमेधकडे वळला. “कारखान्याच्या टूलरूममध्ये शिकाऊ होतो तेव्हा. सातवा तुटला, तर पप्पांनी शेजारचा आठवा काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, हा कंपनीचा नमुना. हुबेहूब असा झाला तर बसवीन, नायतर विहिरीत टाकीन. पप्पा गोदीत फिटर होते. व्हर्नियर लावून मापला त्यांनी. बसवला. आठवाही परत जागेवर लावला.”

सुमेधने पुन्हा भिंग लावलं. सातवा. आठवा. परत सातवा. “शक्य नाही, अंकल. काडीचा फरक नाही दोन्हींत.”

“दिसायचा नाही. कंपनीचे पितळेचे, वरून निकेल. मला मिळालं पोलाद. निकेल मीच चढवलं. क्लेमेंटीन, फ्रिजवरची माउली आण.”

क्लेमेंटीनने वेलंकनी माउलीचं चित्र असलेलं चुंबक आणून त्याच्या हातावर आपटलं. प्लासिडने ते सातव्या आकड्याला टेकवलं. माउली टक्कन चिकटली.

“बघा!”

सुमेध हिरमुसला. तरी चुंबक घेऊन त्याने पहिल्यापासून सगळे आकडे तपासले. सहाव्यापर्यंत माउली घसरत राहिली. सातव्याला चिकटली. ओढून काढून त्याने ती आठव्याला लावली.

टक्कन चिकटली.

पुढच्या आठांपैकी एकालाही चिकटली नाही.

“म्हणजे आठवाही तुमचाच?”

प्लासिडने नकारार्थी मान हलवली. आठव्या आकड्यावरून त्याने अंगठा फिरवला, एकदा खालून वर, एकदा वरून खाली. पाठ हळूहळू ताठ झाली.

“नाही,” तो म्हणाला. “हा पप्पांनी घासलेला. पप्पांच्या कंपनीचा.”

सुमेधने भिंग खिशात ठेवलं. “अंकल, बाप-लेकाचं काम आहे हे, आता तर घेतोच मी. द्या.”

प्लासिडने वाद्य मांडीवर ओढून घेतलं होतं. क्लेमेंटीनने ओट्यावरची खुर्ची उचलली आणि कातडं तापवायला अंगणात, उन्हात नेऊन ठेवली.