बसणाऱ्याचं वजन

हाताने सायकलचं चाक बांधणारा कारागीर आता शहरात उरलेला नाही, असं सात दुकानांत ऐकून झाल्यावर आठव्या दुकानदाराने एका बापाला या गल्लीतल्या कारागिराचा पत्ता दिला.

"मुलीसाठी हलकी चाकं हवीत. तयार मिळतात ती तिला जड जातात."

"वजन किती तिचं?" कारागिराने मान वर न करता विचारलं. "बसणाऱ्याच्या वजनावर चाकाच्या तारा किती ते ठरतं."

"एकोणचाळीस किलो."

"शाळेत आहे?"

"सव्वीस वर्षांची आहे."

कारागीर हसला. "म्हणजे शर्यतवाली! ही पोरं वाऱ्यावर जगतात. जरा खाऊ-पिऊ घाला हो तिला. मी पंचावन्न किलो धरून छत्तीस तारा टाकतो. चाक थोडं जड होईल, पण उद्या अंगावर मांस चढलं तरी डगमगणार नाही."

"एकोणचाळीसच धरा."

"अहो, चाक पुढची दहा वर्षं बघून बांधायचं असतं. तिचं वजन काय आजच्याएवढंच राहणार आहे?"

"नाही," बाप म्हणाला. "गेल्या महिन्यात त्रेचाळीस होतं. तळ्याभोवती एक फेरी मारायची म्हणते, स्वतःच्या पायांनी. एकच."

चाकं कधी हवीत, हे कारागिराने विचारलं नाही. स्टँडवर दुसऱ्या कुणाचं तरी अर्धं बांधलेलं चाक होतं. ते त्याने उतरवून भिंतीला टेकवलं आणि एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. घेऊनच जा."